ज्यूट मिलची लाइन

त्या शहराचं नाव मी इथे लिहीत नाही. फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनात, पहिल्या दिवसापासून शिकवतात की वायरलेसवर ठिकाणाचं नाव उच्चारायचं नाही. ती सवय हाडात मुरली. रजेवर सोलापूरला आलो की आई तेलुगूत विचारायची, कुठून आलास? मी सांगायचो, "तिकडून." तेव्हा शहर पूर्व बंगालमधलं होतं आणि एकाहत्तरच्या डिसेंबरात ते मोकळं झालं, एवढं वाचणाऱ्याला पुरे.

मी नायक अंबादास यन्नम, लाइनमन. आमचं घर साखर पेठेत. वडील आणि थोरला भाऊ मागावर बसायचे. मलाही बसवलं होतं, पण माझं चित्त लागत नव्हतं. भरतीची गाडी आली तेव्हा मी रांगेत उभा राहिलो आणि घरी संध्याकाळी सांगितलं. लाइनमनचं काम लोकांना ठाऊक नसतं. लढाईत तोफा दिसतात, रणगाडे दिसतात. पण तोफेला कुठे मारायचं हे कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगणं ज्या तारेवरून जातं ती तार टाकणं आणि तुटली की जोडणं हे आमचं काम. तार चालू असली की आमची कुणाला आठवण होत नाही. तुटली की सगळे आमच्याच नावाने ओरडतात.

नोव्हेंबरात मी रजेवर होतो. तार आली: रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. दुसऱ्या दिवशी सोलापूर स्टेशनवर पोहोचलो तर फलाटावर ट्रंकेवर बसून रेवण शेंगा खात होता. लान्स नायक रेवणसिद्ध बिराजदार. माझ्याच सेक्शनमधला, अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावचा. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि फौजेत दोन्ही मिसळलेली हिंदी. त्यालाही तीच तार आली होती.

"काय ओ नाईक, तुमालाबी बोलिवलं?"

"बोलावलं."

"मग लढाई व्हणार की." त्याने शेंगांची पुडी माझ्यापुढे केली. "घ्या. तिकडं असल्या मिळणार न्हाईत."

रेवणबद्दल इथेच सांगून टाकतो. उंचीला बेताचा, अंगाने काटक. खांबावर चढायला त्याच्याइतका चपळ गडी आमच्या कंपनीत नव्हता. पायाला लोखंडी आकडे बांधले की माकडासारखा वर जायचा. आवाज मोठा होता. फोनवर हळू बोल म्हणून आमचे कॅप्टन साहेब त्याला नेहमी टोकायचे. तो म्हणायचा, "साहेब, हमारे गाव में नदी के उस पार बात करनी पडती है."

लढाई सुरू झाली आणि आमची डिव्हिजन सरहद्द ओलांडून आत गेली. पुढे पायदळ, मागे आम्ही. दिवसभर केबल टाकायची, पुढची तुकडी हलली की गुंडाळायची, पुन्हा टाकायची. रस्त्याला दोन्ही बाजूंना तळी आणि भातशेतं. गावोगावी लोक रस्त्यावर येऊन पाण्याच्या घागरी घेऊन उभे असायचे. रेवण मासळी खात नव्हता, मटण खात नव्हता. त्या मुलखात त्याची पंचाईत झाली. भात, डाळ आणि खजुराचा गूळ यांवर त्याने दिवस काढले. गुळाची ढेप पहिल्यांदा तोंडात टाकली तेव्हा तो मिटक्या मारत म्हणाला, "लई ग्वाड हाय की नाईक! आपल्याकडं खजुराची झाडं काय कमी हायेत? कुणाला सुचलं न्हाई बगा."

शहर लढाईशिवाय हाती आलं. शत्रूची फौज मागे सरकली होती. आम्ही सकाळी शिरलो तेव्हा दुकानांना फळ्या लावलेल्या, रस्त्यावर कुत्री, आणि कचेरीच्या गच्चीवर हिरवं-लाल निशाण. ते कुणी लावलं ते दिसत नव्हतं. मग एक दार उघडलं. मग दुसरं. दुपारपर्यंत रस्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक आमचे हात धरत होते आणि सोडत नव्हते. एका म्हाताऱ्याने रेवणला मिठी मारली ती इतकी घट्ट की त्याच्या खांद्यावरची केबलची रीळ दोघांच्या मध्ये अडकली.

डिव्हिजनचं हेडक्वार्टर मुलींच्या शाळेत बसलं. आपली फौज आणि बंगाली मुक्तिसैनिक, दोघांचं मिळून. मुख्याध्यापिकेच्या खोलीत जनरल साहेब. आठवीच्या वर्गात ऑपरेशन्स रूम. फळ्यावर भूमितीचा सिद्धांत अर्धवट लिहिलेला होता. पुसायला कुणाचा हात धजेना, म्हणून नकाशा त्याच्या शेजारी टांगला. मैदानात तंबू, घंटेखाली संत्री, शाळेच्या विहिरीवर आमची आंघोळ. आम्ही लाइन सेक्शनवाले शिवणकामाच्या खोलीत राहायला होतो.

ते दिवस चांगले होते. आजूबाजूला लढाई चालू असताना असं म्हणणं विचित्र वाटेल, पण खोटं कशाला लिहू? एक शहर डोळ्यांदेखत जागं होत होतं. आज न्हाव्याने दुकान उघडलं. उद्या मिठाईवाल्याने कढई चढवली. परवा कुणाच्या तरी घरातून पेटीचे सूर आले. संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी बायका आपली माणसं शोधायला यायच्या आणि कधी कधी त्यांना ती सापडायचीही.

शहराचं टेलिफोन एक्सचेंज पोस्टाच्या मागच्या खोलीत होतं. जुना मॅग्नेटो बोर्ड. ज्याच्या घरी फोन आहे त्याने हँडल फिरवलं की बोर्डावर त्याच्या नंबराची झडप खाली पडते, मग ऑपरेटर दोरीची पिन त्या भोकात घालून विचारते, कुठे जोडू? जाताना शत्रूने बोर्डामागच्या केबली कुऱ्हाडीने तोडल्या होत्या. कॅप्टन सरीन आमचे सिग्नल्स ऑफिसर. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "यन्नम, हे चालू झालं तर आपल्याला आयत्या लाइनी मिळतील. दवाखाना, स्टेशन, नदीचा घाट, सगळं."

मी आणि रेवण कामाला लागलो. तुटलेल्या तारांचे जुडगे म्हणजे मागावर गुंता झालेला ताणा. एकेक तार शोधायची, जोडायची, फिरवून पाहायची. दुसऱ्या दिवशी आम्ही जमिनीवर पालथे पडून काम करत होतो तेव्हा दारात एक बाई येऊन उभी राहिली. पस्तिशीची. पांढरी साडी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. तिने खोलीभर नजर फिरवली आणि बोर्डापुढच्या खुर्चीकडे बोट केलं. त्या खुर्चीवर रेवणने आपलं पाण्याचं भांडं ठेवलं होतं.

"ये कुर्सी मेरा है," ती म्हणाली.

रेवण उठला, भांडं उचललं, खुर्ची बाहीने पुसली. "बसा की, आपा."

तिचं नाव सालेहा. गावातली एकमेव बाई ऑपरेटर. एप्रिलात तिच्या नवऱ्याला घरातून नेलं होतं आणि तो परत आला नव्हता. ती खेड्यात नातलगांकडे लपली होती. शहर मोकळं झाल्याचं कळलं तशी चालत निघाली. घरी आधी गेली नाही, इथे आली. तिने कानाला हेडसेट लावला, पाठ ताठ केली, आणि त्या दिवसापासून ती बोर्डावरून हलली नाही. रेवण तिच्याशी मराठीत बोलायचा, ती त्याच्याशी बंगालीत, आणि दोघांचं काम अडत नसे. मी एकदा त्याला विचारलं, तुला कळतं का ती काय बोलते ते? तो म्हणाला, "समदं न्हाई कळत. पर रागावली की कळतंय."

शहराच्या दक्षिणेला, बांधाच्या रस्त्याने तीन-चार मैलांवर एक ज्यूट मिल होती. मागे सरकताना शत्रूची एक तुकडी तिथे अडकून पडली. मिलच्या आवारात कामगारांच्या चाळी होत्या आणि त्यांतली बायकापोरंही आतच सापडली होती. मिलच्या भिंती जाड. आमची एक कंपनी कालव्याच्या अलीकडे खंदक खणून बसली होती. त्या तुकडीला तसंच पाठीमागे सोडून नदी ओलांडणं शक्य नव्हतं, कारण बांधाचा रस्ता घाटाकडे जायचा तो मिलच्या पुढून. एके दिवशी पांढरं निशाण लावून जीप पाठवली तर मिलच्या अलीकडच्या पंप हाउसमधून तिच्यावर गोळ्या आल्या आणि ड्रायव्हरच्या दंडातून एक आरपार गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी एक्सचेंजमध्ये होतो. बोर्डावर एक झडप पडली. सालेहा आपाने नंबर पाहिला आणि तिचा हात पिन धरून तसाच थांबला.

"क्या हुआ?" मी विचारलं.

"मिल," ती म्हणाली.

ती लाइन जिवंत आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. आम्ही केबल जोडताना तीही जोडली गेली असणार. आपाने पिन घातली. पलीकडून मिलचे हेडक्लार्क बोलत होते, दत्तबाबू. त्यांचा आवाज ती ओळखत होती. दोन वाक्यं झाली आणि तिने माझ्याकडे वळून सांगितलं, त्यांच्या मेजरला तुमच्या साहेबांशी बोलायचं आहे.

मी शाळेला लाइन दिली. कॅप्टन सरीन फोनवर आले. मी लाइन तपासायला कानाला फोन लावून होतो, त्यामुळे जे बोलणं झालं ते ऐकलं. मेजरचा आवाज थकलेला होता.

"हथियार डालूँगा. लेकिन सिर्फ़ आपकी फ़ौज के सामने. मेरे जवानों की जान की ज़बान चाहिए."

"चाळीतले लोक कसे आहेत?" कॅप्टन साहेबांनी हिंदीत विचारलं.

"ठीक हैं. पानी कम है."

"जनरल साहब से पूछता हूँ. लाइन पर रहिए."

जनरल साहेबांनी होकार द्यायला वेळ लावला नाही. कॅप्टन साहेब धावत फोनवर परत आले. त्यांनी "मेजर साहब" म्हटलं, आणि लाइनवर काहीच नव्हतं. त्याच वेळी कालव्याच्या बाजूने तोफगोळ्याचा आवाज आला होता. तो कुणाचा होता ते कळलं नाही. लढाईत असं बरंच काही कधीच कळत नाही. होकार आमच्यापाशी तयार होता आणि तो पोचवायला तार नव्हती.

सालेहा आपाने हँडल फिरवलं. "हल्का," ती म्हणाली. हँडल हलकं फिरलं म्हणजे तार कुठेतरी तुटली.

जनरल साहेबांचा हुकूम आला: संध्याकाळच्या आत नदी ओलांडायची आहे. पंधराशेपर्यंत, म्हणजे तीन वाजेपर्यंत, थांबतो. त्यानंतर तोफा मिलवर.

कॅप्टन सरीन स्वतः एक्सचेंजमध्ये आले आणि माझ्याकडे आणि रेवणकडे वळले. "यन्नम. बिराजदार. तीनच्या आत ही लाइन मला हवी."

"सर."

जीपमध्ये केबलची रीळ, दोन टेस्ट फोन, पकडी, आकडे. बांधाच्या रस्त्याने निघालो. ऊन लख्ख होतं. रेवण मागे रिळीवर बसून दोन्ही बाजूंच्या तारा बघत होता. कालव्यापर्यंत तार शाबूत. तिथे पुढच्या कंपनीचे सुभेदार साहेब खंदकातून बाहेर आले, पंजाबी, पिकल्या मिशांचे.

"कहाँ टूटी है?"

दिसतच होतं. कालव्यापलीकडे पहिला खांब उभा होता. त्याच्यापुढे मोहरीचं शेत, पिवळंजर्द, आणि शेताच्या पार दुसरा खांब. दोन्हींच्या मध्ये काळा खड्डा पडला होता आणि तारा नव्हत्या. दुसऱ्या खांबावर तारा चिनीमातीच्या इन्सुलेटरपाशीच तुटल्या होत्या, म्हणजे वर चढल्याशिवाय इलाज नव्हता. उजव्या हाताला, झाडीत, पंप हाउस.

"उस पोस्ट का मिल से कोई राब्ता नहीं," सुभेदार साहेब म्हणाले. "वो किसी की नहीं सुन रहे. जो दिखता है उस पर फ़ायर करते हैं."

मिलमधल्या मेजरने गोळीबार थांबवला होता, पण पंप हाउसला ते ठाऊक नव्हतं. मेजरने तिकडे माणूस पाठवायचा तर आधी आमचा होकार त्याला कळायला हवा. गुंता तो तेवढाच.

कामाची वाटणी आम्हाला ठरवावी लागली नाही. सीनियर माणूस अलीकडच्या टोकाला राहतो, एक्सचेंजशी बोलत राहतो आणि केबल सोडतो. दुसरा केबलचं टोक घेऊन पुढे जातो. तीन वर्षं आम्ही असंच करत होतो. रेवणने टोक कमरेला बांधलं, टेस्ट फोन पाठीवर टाकला.

"नाईक, तुमी हितलं बगा. मी तितं जातो."

"खाली राहा. घाई करू नको."

"घाई तर हायच की," तो म्हणाला आणि मोहरीत शिरला.

सुभेदार साहेबांच्या जवानांनी पंप हाउसवर मशीनगनचा मारा सुरू केला. मी पहिल्या खांबाच्या बुडाशी पालथा पडून केबल सोडत होतो. रेवण दिसत नव्हता. फुलांची एक रेघ हलताना दिसायची, थांबायची, पुन्हा हलायची. दोनदा पंप हाउसमधून गोळ्या आल्या आणि शेतातून फुलांचे शेंडे उडाले. दोन्ही वेळा रेघ थांबली आणि पुन्हा हलली. माझ्या हातातली केबल सरकत राहिली. केबल सरकतेय तोवर माणूस ठीक आहे.

मग तो खांबाच्या पलीकडच्या अंगाने वर चढताना दिसला. खांबाआडून जेवढं झाकता येईल तेवढं झाकून. मी माझ्या बाजूचं टोक खांबावरून लोंबणाऱ्या तारांना जोडलं, टेस्ट फोन लावला आणि एक्सचेंजला कळवलं. वर त्याचे हात चालत होते. एक तार झाली. दुसरीसाठी त्याला खांबाच्या अलीकडे वळावं लागलं. तीही झाली. मला फोनमध्ये खरखर ऐकू आली, आणि मग त्याचा तो मोठा आवाज.

"हॅलो एक्सचेंज."

"एक्सचेंज. के बोलछेन?"

"रेवण बोलतोय, आपा. आवाज येतोय का?"

"शुनछि, भाई," सालेहा आपा म्हणाली. ऐकतेय, भाऊ. "खूब परिष्कार." अगदी स्वच्छ.

"मिल बोलवा, मिल."

तिने हँडल फिरवलं. घंटी गेली. पलीकडून कुणीतरी झडप घातल्यासारखा फोन उचलला. "हॅलो! हॅलो! दत्त बोलछि!"

"लागला की फोन!" रेवण म्हणाला आणि हसला. ते हसणं मी कानाने ऐकलं आणि डोळ्यांनी पाहिलं. त्याने माझ्याकडे हात वर केला.

पंप हाउसमधून एक फैर आली.

तो कमरेच्या पट्ट्याने खांबाला अडकून होता, म्हणून पडला नाही. मान खाली गेली.

"भाई?" आपा फोनवर म्हणत होती. "भाई?"

मी म्हणालो, "आपा, लाइन ठीक है. साहब को दो."

तिने लाइन दिली. कॅप्टन सरीन बोलले, "मेजर साहब, जनरल साहब की ज़बान है. मंज़ूर. पहले पंप हाउस की फ़ायर बंद कराइए. अभी."

"आदमी भेजता हूँ," मेजर म्हणाला.

मिलच्या बाजूने एक माणूस पांढरं कापड हलवत पंप हाउसकडे धावताना दिसला. थोड्याच वेळात तिकडून गोळ्या यायच्या बंद झाल्या. शेतावर इतकी शांतता आली की मोहरीवरच्या मधमाश्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

मी उभा राहिलो आणि शेतातून सरळ चालत गेलो. रेवण गेलेला होता. गोळी छातीत होती. त्याचा टेस्ट फोन त्याच्या शेजारी लोंबत होता आणि त्यातून दोघा अफसरांचं बोलणं चालू होतं: फाटक कोणतं उघडायचं, हत्यारं कुठे ठेवायची, आधी चाळीतल्या लोकांना बाहेर काढायचं. मी तो फोन काढला नाही. त्यांचं बोलणं संपेपर्यंत खांबाखाली उभा राहिलो. मग सुभेदार साहेबांच्या माणसांना घेऊन त्याला खाली उतरवलं.

तीन वाजायच्या बऱ्याच आधी मिलचं फाटक उघडलं. शत्रूचे जवान रांगेने बाहेर आले, रायफली रचल्या आणि बांधावर बसले. मेजर उंच होता, दाढी वाढलेली. त्याने कॅप्टन सरीनना सलाम केला, त्यांनी परत केला. नंतर चाळीतली माणसं यायला लागली. म्हातारे, गाठोडी घेतलेल्या बाया, कडेवरची लेकरं. ती येतच राहिली. सगळी कालव्यावर ओणवून पाणी प्यायली. लेकरं पाणी उडवायला लागली आणि आया त्यांना रागावल्या. त्या आवाजांनी मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही.

दत्तबाबू किरकोळ अंगाचे, धोतरातले गृहस्थ. त्यांनी मला विचारलं, "तार कुणी जोडली?"

मी स्ट्रेचरकडे हात केला. ते गेले आणि उभे राहिले. त्यांच्यामागून बाकीचे गेले. कुणी मोठ्याने रडलं नाही. एका म्हातारीने आपल्या अंगावरची शाल काढून रेवणच्या पायांवर घातली आणि ती तशीच, उघड्या खांद्यांनी, शहराच्या वाटेला लागली.

संध्याकाळी एक्सचेंजमध्ये गेलो. सालेहा आपाने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. तिने हेडसेट काढला. बोर्डावर बसल्यापासून कामाच्या वेळेत तो तिने पहिल्यांदाच काढला. पदर डोक्यावर घेतला, हात पुढे धरून ओठांनी काहीतरी म्हटलं. तेवढ्यात झडप पडली, दवाखान्याची. ती बसली, हेडसेट लावला आणि त्यांना लाइन दिली. पुढचा फोन घाटाचा होता. नदी ओलांडायला सुरुवात झाली होती.

रेवणला आम्ही शाळेच्या मागे, आंब्याच्या झाडाखाली ठेवलं. दहनाची तयारी चालली होती तेव्हा मी कॅप्टन साहेबांना सांगितलं की तो लिंगायत आहे, त्यांच्यात दहन करत नाहीत, माती देतात. ते म्हणाले, "तू सांगशील तसं." त्यांचे विधी करणारा जंगम कुठून आणणार? मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मी केलं. कपाळाला विभूती लावली. गळ्यातलं लिंग काढून त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं. तीन फैरींची सलामी झाली. मुक्तिसैनिकही रांगेत उभे होते.

थोड्याच दिवसांत युद्ध थांबलं. त्या संध्याकाळी शहरात जो आनंद झाला तसा मी पुन्हा पाहिला नाही. घराघरांवर पणत्या. मलाही लोकांनी खांद्यावर घेतलं. मी खूश होतो. हे लिहायला मला संकोच वाटत नाही. रेवण असता तर माझ्यापेक्षा दुप्पट नाचला असता.

आता मी फौजेच्या पेन्शनवर आहे. सोलापुरात टेलिफोनच्याच कामात आहे, खांबावर मात्र तरुण पोरं चढतात. मुलींची लग्नं व्हायची आहेत, भावाचे माग चालू आहेत, जेवण गोड लागतं. दर डिसेंबरात मी रेवणच्या गावी जातो.

पहिल्यांदा गेलो ते बहात्तरच्या उन्हाळ्यात. एस.टी. फाट्यावर थांबली, तिथून चालत गेलो. घरी त्याची आई आणि थोरला भाऊ. वडील पूर्वीच वारलेले. सरकारी कागद त्यांना मिळाला होता, पण कागदात असतं ते एवढंच की गेला. मी ओसरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. जिथे मराठी कमी पडली तिथे भावाने आईला कानडीत सांगितलं. शेजारचे लोक येऊन उभे राहिले.

सांगून झाल्यावर आईने विचारलं, "लिंग हातात दिलं का?"

"दिलं, अव्वा. डाव्या हातात."

"माणसं वाचली का समदी? मिलातली?"

"सगळी वाचली."

तिने मान हलवली. मग ती म्हणाली, "शेवटाला त्याच्यासंगं कोण बोललं? तुमी?"

"नाही, अव्वा. मी तारेवर होतो, पण त्याच्याशी बोलली ती तिथली एक बाई. सालेहा नावाची. तो तिला आपा म्हणायचा. आपा म्हणजे थोरली बहीण."

"काय म्हणली ती?"

"म्हणाली, ऐकतेय, भाऊ. अगदी स्वच्छ ऐकू येतंय."

"आन् त्यो?"

"तो हसला."

आईने पदराने तोंड पुसलं. थोरला भाऊ खाली बघत म्हणाला, "आमाला बहीण न्हवती."

"न्हवती," अव्वा म्हणाली. "आता हाय की."